मराठी कॉमिकची पीडीएफ फुकट फिरते; चित्रकारापर्यंत पैसे पोचवायचे कसे?

रेघ | बडोदे

मराठीत नवं कॉमिक आलं की आठवड्याभरात त्याची पीडीएफ फिरायला लागते, आणि बडोद्यात तर छापील अंकाच्या आधी पीडीएफच पोचते. मी चित्रं काढते, पटकथाही लिहिते, घर त्यावरच चालतं. माझ्या एका चोवीस पानी कॉमिकची पीडीएफ एका मेसेजिंग गटात फिरतेय असं वाचकाने कळवलं, तेव्हा ती उघडून नीट पाहिली. काम नेटकं केलं होतं. पानं सरळ करून घेतलेली, रंग थोडे उजळ केलेले. पहिल्या पानावरची श्रेयनामावली गायब. शेवटच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात माझी सही असते, तेवढ्याच जागेवर शेजारच्या आभाळाचा निळा रंग ओढलेला आणि वर तिरप्या अक्षरांत त्या गटाचं नाव. पैसे बुडाले त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. ज्याला ते पान आवडलं असेल, त्याला मला शोधून काढायची सोयच ठेवली नाही.

तरी हा धागा चोरी करणाऱ्यांना शिव्या घालायला काढलेला नाही. मला दोन गोष्टींवर बोलायचंय आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. वाचक पीडीएफकडे का वळतो, आणि तो रीतसर अंक विकत घेतो तेव्हा त्याचे पैसे कुठे जातात.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांत पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. मुलं शिकतात इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात. हिंदीमुळे देवनागरी येते, घरात मराठी बोललं जातं, पण मराठी वाचायला हाताशी काही नसतं. अशा मुलाला जाड पुस्तक दिलं की ते कपाटात जातं. कॉमिक मात्र तो एका बैठकीत संपवतो आणि दुसरं मागतो. ते आणायचं कुठून? इथल्या दुकानांत मराठी कॉमिक क्वचित दिसतं. पुण्याहून मागवायचं तर साठ रुपयांच्या अंकाला कुरिअरचेच तेवढे पडतात. ज्या आईवडिलांनी मला ‘तुमची पीडीएफ मिळाली, मुलाला फार आवडली’ असं मोकळेपणाने सांगितलं, त्यांच्यापैकी कुणाच्या मनात पाप नव्हतं. मिळालं ते घेतलं, इतकंच.

आता पैशांचं. समजा अंकाची किंमत शंभर रुपये. त्यातले चाळीसएक विक्रेता आणि वितरक मिळून घेतात. उरलेल्यात कागद, छपाई, प्रकाशकाचा खर्च. चित्रकाराला पानामागे ठरलेली रक्कम एकदाच देऊन हिशोब मिटवलेला असतो. अंक पाचशे खपो की पन्नास हजार, पुढे त्याच्या खात्यात काही येत नाही. सही पुसलेल्या त्या कॉमिकचा माझा करारही असाच होता. म्हणजे एकाने अंक विकत घेतला, दुसऱ्याने पीडीएफ उतरवली, आणि त्या दोन्ही प्रतींपोटी मला मिळालं सारखंच, शून्य. ‘चोरू नका, कलाकाराच्या पोटावर पाय येतो’ असं आपण वाचकाला सांगतो. ते खरं ठरायला आधी त्या विक्रीत कलाकाराचा वाटा असायला हवा.

हे दुखणं काही आजचं नाही. सुपरमॅन ज्यांनी घडवला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. म्हातारपणी दोघे हलाखीत होते. लोकांपुढे गाऱ्हाणं मांडल्यावर १९७५ मध्ये कुठे त्यांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं.

इंटरनेट आल्यावर वाटलं होतं की मधली सगळी माणसं वगळता येतील. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी कॉमिककाराने २००० च्या सुमारास हेच मांडलं, की वाचकाने थेट कलाकाराला काही सेंट द्यावेत. त्यासाठी २००३ मध्ये बिटपास नावाची सेवा निघाली आणि मॅक्लाउडने आपली एक गोष्ट २५ सेंटला तिथे ठेवली. २००७ मध्ये बिटपास बंद पडलं. वाचकाला आधी खातं उघडून त्यात पैसे भरून ठेवावे लागायचे, कारण पाव डॉलरचा एकेक व्यवहार कार्डावरून करणं शुल्कामुळे परवडत नव्हतं. शिवाय क्ले शर्की या लेखकाने २००० मध्येच एक मुद्दा काढला होता. रक्कम कितीही लहान असो, ‘देऊ की नको’ हे ठरवायचा त्रास लहान होत नाही.

यातल्या पहिल्या दोन अडचणी आपल्याकडे आज उरलेल्या नाहीत, याकडे मला लक्ष वेधायचंय. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, लागत नाही. सेव-उसळीच्या गाडीवर वीस रुपये जसे पूर्णच्या पूर्ण पोचतात, तसे चित्रकाराच्या खात्यातही पोचू शकतात. अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी ज्यासाठी कंपनी काढावी लागली, ते इथे प्रत्येकाच्या खिशात आहे. उरला शर्कींचा मुद्दा, आणि तो खरा अवघड आहे.

माझं पुढचं कॉमिक मी प्रकाशकाकडे न देता स्वतः काढतेय. सगळी पानं खुली, पीडीएफला कुलूप नाही, शेवटच्या पानावर क्यूआर, किंमत वाचकाने ठरवायची. ब्रायन के. वॉन आणि मार्कोस मार्टिन यांनी २०१३ मध्ये पॅनेल सिंडिकेट या आपल्या संकेतस्थळावर हेच केलं आणि ते टिकलं. पण ते दोघे आधीच नावाजलेले होते. मराठीत हे चालेल का? तुम्ही द्याल का, आणि काय केलं तर द्याल? मोकळेपणाने सांगा, ‘नाही देणार’ असलं तरी.

जुना वाचक | बडोदे

रेघताई, फार गरजेचा विषय काढलात. आमच्या पिढीने चांदोबा आणि इंद्रजाल कॉमिक्सवर बालपण काढलं. मराठी चांदोबा १९५२ पासून, इंद्रजाल १९६४ पासून. वेताळ, मॅन्ड्रेक, पुढे बहादूर. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं तेव्हा मी नोकरीत होतो, तरी चुटपुट लागली. मांडवीजवळ एक दुकानदार दोरीला अंक टांगून ठेवायचा आणि दिवसाच्या बोलीवर भाड्याने द्यायचा. एक अंक सगळी पोळ, म्हणजे आमची अख्खी गल्ली, वाचायची. आम्ही तरी चित्रकाराला कुठे पैसे दिले? मग आम्हीही चोरच का? खरंच विचारतोय, मनाला लागलंय.

स्कॅनवाला | इंदूर

मी जुने अंक स्कॅन करतो, म्हणून माझी बाजू सांगतो. राजवाड्याच्या आसपासच्या रद्दीवाल्यांकडे जे अंक मिळतात त्यांचा कागद हाताळताना तुटतो. पिना गंजून मधलं पान सुटलेलं, कसर लागलेली. आणखी काही वर्षांनी ते स्कॅन करायलाही उरणार नाहीत. प्रकाशक पुन्हा छापत नाहीत, ग्रंथालयांनी कॉमिक कधी जपून ठेवलं नाही. आम्ही नसतो तर कितीतरी मराठी अंक आज कुणाला बघायलाही मिळाले नसते.

माझा नियम आहे, बाजारात मिळणाऱ्या अंकाला हात लावायचा नाही. श्रेयनामावली तशीच ठेवतो, स्वतःचं नाव कधी घालत नाही. नावं कळावीत म्हणूनच तर हे करतो. नागराज हिंदीतून वाचणाऱ्या आमच्या इंदुरी मराठी पोरांना तो सुरुवातीला काढणारे प्रताप मुळीक आपले मराठी आहेत हे ठाऊक नव्हतं. सुप्पांडी काढणारे राम वाईरकर, तेही तसेच. पण नवे अंक टाकणारे गट वाढलेत आणि आम्हाला त्यांच्याच ओळीत बसवलं जातं, याचं वाईट वाटतं.

रेघ | बडोदे

@स्कॅनवाला, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. वाईरकरांच्या रेषेचा अभ्यास मी असल्या स्कॅनवरूनच केलाय, अंक मिळाले नाहीत म्हणून. जे छापायला कुणी तयार नाही ते जपणं आणि काल बाजारात आलेलं फुकट वाटणं यांत मला मोठा फरक दिसतो. कायदा तो फरक करतो का, हे जाणकारांनी सांगावं.

रावपुऱ्याची वकील | बडोदे

बोलावलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ‘जुना वाचक’ काकांचं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ मध्ये हक्क आहे तो नव्या प्रती काढण्याचा आणि त्या लोकांत आणण्याचा. एकदा विकली गेलेली प्रत आधीच चलनात आलेली धरतात. तुमचा दुकानदार विकत घेतलेली तीच प्रत फिरवत होता, त्यात गुन्हा नव्हता. मनाला लावून घेऊ नका. स्कॅन केलं की नवी प्रत होते, सगळा फरक तिथे पडतो. स्वतःच्या खाजगी वापरापुरती कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण गटात शेकडो लोकांना वाटणं खाजगी म्हणता येत नाही. जाणूनबुजून केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड सांगितलाय.

जुन्या अंकांना यातून आपोआप सूट नाही. हक्क लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पण लेखक हयात नाही, किंवा कोण ते माहीत नाही, किंवा सापडत नाही, अशा कामासाठी कलम ३१अ खाली परवाना मागता येतो. शोध घेतल्याचा पुरावा आणि ठरेल ती रक्कम भरायची तयारी लागते. इंदूरच्या मंडळींनी एखादी संस्था करून हे केलं तर त्यांचं काम उजेडात येईल.

रेघताईंची सही पुसली ते प्रकरण वेगळं. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकला तरी ‘हे काम माझं’ म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. त्यासाठी तुम्ही स्वतः दाद मागू शकता. पीडीएफ गटातून काढून टाकायला लावायची असेल तर मात्र तक्रार हक्काच्या मालकाने करायची असते, म्हणजे तुमच्या बाबतीत प्रकाशकाने. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ सांगतो की लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मध्यस्थाने, म्हणजे ज्याच्या सेवेवर ती फिरतेय त्याने, ती फाइल रोखावी. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा खुली करू शकतो. साठ रुपयांच्या अंकासाठी कोण न्यायालयात जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. टेलिग्रामवर शिकवणीचं साहित्य वाटणाऱ्यांची माहिती उघड करा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला, तेव्हा हात अगदीच बांधलेले आहेत असंही नाही.

माझं खरं सांगणं करारांबद्दल आहे. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ असलेला कागद चित्रकार न वाचता सही करून देतात. कलम १९ वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ म्हणतं, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिलं गेलं असं होत नाही. आणि हस्तांतरण करायचंच कशाला? परवाना द्या. मराठी छापील आवृत्ती, तीन वर्षं, इतकाच. ई-आवृत्ती, अनुवाद, ॲनिमेशन, खेळणी हे सगळं आपल्याकडे ठेवा आणि प्रत्येक विक्रीत टक्केवारी मागा.

रेघ | बडोदे

वकीलताई, हे कुणी मला फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षात सांगितलं असतं तर! तुमचा शेवटचा परिच्छेद छापून टेबलासमोर लावतेय.

लष्कर | ग्वाल्हेर

सगळं पटलं, पण मला क्यूआरचं गणित जमेल असं वाटत नाही. आमच्या इथे मराठी मंडळात दिवाळी अंकाची वर्गणी मागायला दारोदार जावं लागतं, ओळखीची माणसं असूनही. फुकट पीडीएफ वाचून झाल्यावर शेवटच्या पानावर फोन रोखून पैसे देणारे शंभरात किती? वाचून झालं की माणूस उठतो. पैसे आधी घ्या. निम्मी पानं मोकळी ठेवा, पुढची विकत.

मांगावेडी | बडोदे

@लष्करदादा, मी एकवीस वर्षांची आहे आणि वाचकांच्या बाजूने बोलते. मी मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिकचे, चोरटे अनुवाद वाचत मोठी झाले, कारण दुसरा मार्ग नव्हता. जपानात आठवड्याला जे यायचं ते इथे रीतसर यायला वर्ष जायचं. जानेवारी २०१९ मध्ये शुएशा या जपानी प्रकाशकाने मांगा प्लस ही सेवा सुरू केली. जपानात जे येतं ते त्याच दिवशी, पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट. त्या मालिकांपुरतं मी चोरटं वाचणं सोडलं, आणि मैत्रिणींनीही. कुणी दरडावलं नव्हतं.

दंडुका जपाननेही उगारला. मांगामुरा नावाचं मोठं चोरटं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तीन वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी जानेवारीपासून चोरटा मांगा उतरवून घेणंही बेकायदा ठरलं. तरी चोरटी संकेतस्थळं संपली नाहीत. माझ्यासारखीला परत आणलं ते वेळेवर, सोप्या रीतीने मिळायला लागलं म्हणून.

कोरियातली पद्धत मला सगळ्यांत न्याय्य वाटते. ‘थांबाल तर फुकट’. एक प्रकरण वाचलं की पुढचं ठरावीक वेळाने आपोआप मोफत उघडतं, ज्याला धीर नाही त्याने थोडे पैसे भरून आत्ता वाचायचं. पैसे नसलेलं मूलही वाचतं आणि कलाकारालाही मिळतं. रेघताई, तुम्ही हे करा ना. पुढचं प्रकरण आठवड्याने सगळ्यांना, आणि पंधरा रुपये देणाऱ्याला आज.

लष्कर | ग्वाल्हेर

@मांगावेडी, हे आवडलं. यात वाचकाला भीड घालावी लागत नाही. तो पैसे देतो ते स्वतःच्या उत्सुकतेपोटी. मी दिले असते.

अक्षरजुळणी | पुणे

या धाग्यावर कुणी आमचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. मी कॉमिकमधल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं करतो. इंग्रजीत सगळी अक्षरं एका उंचीची मोठ्या लिपीत ठोकली की झालं. देवनागरीत वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार खाली उतरतो आणि खालच्या ओळीतला रफार किंवा अनुस्वार वर येतो, दोन्ही एकमेकांवर चढतात. ‘पूर्ण’ खाली ‘गर्दी’ आलं की दोन ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. अंतर वाढवलं की फुगा मोठा होतो आणि फुगा मोठा झाला की पात्राचं कपाळ झाकलं जातं. मग लेखकाला फोन करून शब्द बदलून घ्यायचा. वाचकाला काही दिसत नाही, दिसू नये हेच आमचं काम. पण टक्केवारीची भाषा निघते तेव्हा लेखक आणि चित्रकार यांच्यातच ती संपते. रंग भरणारा आणि अक्षरं करणारा पुन्हा रोजंदारीवरच. रेघताई, तुमच्या क्यूआरचे पैसे कसे वाटणार ते आधी लिहून जाहीर करा.

रेघ | बडोदे

@अक्षरजुळणी, हा हिशोब सुरुवातीलाच सांगायला हवा होता, तो आता सांगते. या कॉमिकात लेखन आणि चित्रं माझी, रंग एका मैत्रिणीचे, अक्षरं दुसऱ्या एकाची. येणाऱ्या पैशांतले ६० टक्के माझे, २५ रंगांचे, १५ अक्षरांचे. दोघांना आधी ठरलेली मजुरीही दिली आहे, हा वाटा त्यावर. तिघांनी सही केलेला कागद आहे. शेवटच्या पानावर क्यूआरच्या खाली ही वाटणी छापणार आहे, म्हणजे देणाऱ्याला कळेल की त्याचे पन्नास रुपये कुणाकुणाकडे गेले.

ग्रंथपाल | बडोदे

बडोद्यातच हा विषय निघाला याचा आनंद आहे. वाचकाला फुकट मिळावं आणि तरी पुस्तकाचे पैसे कुणीतरी द्यावेत, ही व्यवस्था या शहरात शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालेलं, मग शिकलेल्या माणसाला वाचायला मिळालंच पाहिजे, हा विचार त्यामागे होता. मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि जाड काचेची जमीन असलेलं, आजही उभं आहे.

पण ग्रंथालय पुस्तक एकदाच विकत घेतं आणि ते शंभर जण वाचतात. यावर काही देशांनी उपाय काढला. डेन्मार्कने १९४६ पासून ग्रंथालयांतल्या पुस्तकांपोटी लेखकांना सरकारी पैसे द्यायला सुरुवात केली. ब्रिटनने १९७९ मध्ये त्यासाठी कायदा केला. तिथे दर वेळी पुस्तक घरी नेलं की काही पेन्स लेखकाच्या नावावर जमा होतात, चित्रकारालाही त्यात वाटा मिळतो, आणि एका व्यक्तीला वर्षाला ६,६०० पौंडांहून जास्त मिळत नाही, म्हणजे सगळा निधी चार-दोन प्रसिद्ध लोकांनी खाऊन टाकू नये. वाचकाच्या खिशातून एक पैसाही जात नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. तो मागायला हवा, आणि मराठी लेखक-चित्रकारांनी एकत्र येऊन मागायला हवा.

तोवर एक करता येईल. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकं मिळवून देतं. त्या खरेदीत मराठी कॉमिक का नसावं? मुलांच्या विभागात मी रोज बघतो, कॉमिकच्या फळीपाशीच गर्दी असते आणि त्यातही मराठी जवळजवळ काही नाही. आपण मराठी वाङ्मय परिषदेमार्फत मागणी नोंदवू. वाचकांच्या सह्या असल्या तर वजन पडतं.

जुना वाचक | बडोदे

सह्या मी गोळा करतो. रोज सकाळी कमाटी बागेत फिरायला येणारे आम्ही म्हातारे एवढं नक्की करू. आणि वकीलबाईंना धन्यवाद, रात्री शांत झोप लागली.

शाईचा ठसा | बडोदे

मी फाइन आर्ट्सला मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून हाताने चित्रं छापणं, शिकवत होते. आमच्या फॅकल्टीत साठच्या दशकापासून फाइन आर्ट्स फेअर भरायचा. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, छापचित्रं, मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायचे आणि शहरातली साधी माणसं ती परवडेल त्या किमतीत घेऊन जायची. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने या जत्रेसाठी मुलांची पुस्तकं केली. कलाकार समोर बसलेला, घेणारा समोर उभा, मध्ये कुणी नाही.

रेघ, तुझी पीडीएफ फिरू दे. तिची नक्कल होणारच. पण हाताने छापलेली, क्रमांक घातलेली, सही केलेली पन्नास मुद्राचित्रं काढ. मूळ पानं वीक. ज्या मुलाने तुझं कॉमिक फोनवर वाचलं, त्याची आई वाढदिवसाला ते चित्र विकत घेईल.

रावपुऱ्याची वकील | बडोदे

शाईचा ठसा ताईंच्या मुद्द्याला पुरवणी. मूळ पान विकलं म्हणून त्यावरचा कॉपीराइट जात नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. आणि कलम ५३अ फार थोड्यांना ठाऊक आहे. मूळ चित्र किंवा रेखाटन पुढे १० हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, तो पहिला हक्कधारक असेल तर. त्यासाठी पान कुणाला विकलं याची नोंद ठेवा.

स्कॅनवाला | इंदूर

आमच्या गटात मी आज दोन गोष्टी ठरवून घेतल्या. गेल्या दहा वर्षांतलं काहीही टाकायचं नाही. आणि हयात चित्रकाराचं जुनं काम असेल तर आधी त्यांना विचारायचं, त्यांनी नको म्हटलं तर काढून टाकायचं. काहींनी गट सोडला, सोडू देत. कलम ३१अ बद्दल वकीलताईंना व्यक्तिगत निरोप पाठवतोय. रेघताई, तुमचं कॉमिक आलं की त्याचा दुवा आम्हीच सगळीकडे लावू. फाइल टाकणार नाही.

रेघ | बडोदे

तुम्हा सगळ्यांमुळे माझा बेत बदलला, तो सांगते.

कॉमिक सहा भागांत येईल. पहिला भाग सगळ्यांना लगेच खुला. पुढचा प्रत्येक भाग पंधरा रुपये देणाऱ्याला लगेच आणि बाकीच्यांना आठवड्याने फुकट, मांगावेडीने सांगितलं तसं. शर्कींच्या मुद्द्यावर मला हेच उत्तर सापडतंय. ‘हे पंधरा रुपयांच्या लायकीचं आहे का’ असं वाचकाला ठरवावं लागणार नाही, ‘आत्ता हवंय की आठवड्याने’ एवढंच ठरवायचंय. फोनमधल्या ॲप दुकानांतून जाणार नाही, ते प्रत्येक विक्रीतून आपला हिस्सा कापतात. साधं संकेतस्थळ आणि यूपीआय. वाटणी प्रत्येक भागाच्या शेवटी छापलेली. नावं कोपऱ्यात घालणार नाही, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत प्रत्येक पानावर असतील. तिथून पुसली तर पान बिघडलेलं दिसेल. सहावा भाग झाला की किती जणांनी पैसे दिले, किती आले, कुणाला किती गेले, हा सगळा हिशोब इथेच टाकेन, आकडा कितीही लहान असला तरी.

ग्रंथपाल सर, ग्रंथालयाला छापील प्रती मी स्वतः आणून देईन, पण मागणीचं पत्र जाऊ द्या. माझ्या एकटीच्या दहा प्रतींनी ती फळी भरणार नाही.

मांगावेडी | बडोदे

फोन जुना असेल तर पीडीएफ जड जाते. पानं साध्या चित्रांच्या स्वरूपात उभी लावाल का? आजीच्या फोनवर तेवढंच उघडतं.

रेघ | बडोदे

हो, दोन्ही ठेवते. उभी पट्टी संकेतस्थळावर आणि हवी त्याला पीडीएफ. आजींना अक्षरं बारीक वाटली तर कळव, अक्षरांचं काम अजून चालू आहे, आत्ता मोठी करता येतील.